'कसून तपास' या शब्दांतले माझे बाबा

महोदय,
स. न. वि. वि.

जोशी-अभ्यंकर खून खटल्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. खुन्यांचा म्होरक्या जक्कल, त्याचं नाव त्यात अकरा वेळा आलंय. मी पेन घेऊन मोजलं. पोलिसांच्या वाट्याला एकच वाक्य आलंय : 'पोलिसांनी कसून तपास केला.' त्या 'कसून'मध्ये माझे बाबा होते. गेल्या महिन्यात, त्र्याऐंशीव्या वर्षी ते गेले, म्हणून हे पत्र.

बाबा तेव्हा डीबीत, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे शोध पथकात हवालदार होते, साध्या वेशातले. साहेबांच्या मागे फोटोत दिसणाऱ्यांतलेसुद्धा नव्हते. ३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयनगर कॉलनीत जोशींच्या घरातले तिघे गेले, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांकडचे पाच. मी चौथीत होते. सगळ्या पुण्याची दारं दिवेलागणीला बंद व्हायची. आमच्या पोलीस लायनीतही तेच. आई तर कडीत वर लाटणं खोचायची. पोलिसाच्या घरात लाटणं! बाबा रात्री उशिरा आले की आधी नाव सांगायचे, मग आईला पटेपर्यंत खोकायचे.

गळे आवळायला नायलॉनची दोरी वापरली होती. बाबांना काम मिळालं ते अशी दोरी कोण विकतं, कोण नेतं, हे बघण्याचं. सायकलवरून बोहरी आळीपासून सुरुवात केली. दुकानदार म्हणायचे, "हवालदारसाहेब, कपडे वाळत घालायला अख्खं पुणं हीच दोरी नेतं, कुणाकुणाची नावं सांगू?" त्या हेलपाट्यांतून काही म्हणजे काही हाती लागलं नाही. बाबांनी हे आमच्यापासून कधी लपवलंही नाही. टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह बघताना मात्र ते एकदाच हसले होते : "ह्याला कुणी पुन्हा या म्हणत नाही वाटतं."

ते गेल्यावर ट्रंकेत त्यांची खिशातली वही सापडली. पुढून तपास, मागून घरखर्च. पुढे : 'दुकान १४, काही नाही. दुकान १५, मालक गावाला, पुन्हा जाणे. दुकान १५, काही नाही.' मागे : रॉकेल, आजीचं औषध, धाकटीची चप्पल. मार्च १९७७ मध्ये या दोन्ही बाजू वहीच्या मधोमध एकमेकींना भिडल्यात. त्याच महिन्यात या टोळीचा शेवटचा बळी, अनिल गोखले, याचा मृतदेह बंडगार्डनजवळ नदीत सापडला, लोखंडी शिडीला बांधलेला. त्या पानावर बाबांचं बारीक अक्षर आहे : 'बंडगार्डन. शिडी. दोरी नायलॉन.' आणि त्याच्याच खाली, 'चौथीची परीक्षा, पॅड घेणे.' पॅड त्यांनी आणलं होतं. क्लिप सैल होती, गणिताच्या पेपरला कागद सारखा निसटत होता आणि मी त्यावरून घरी येऊन रडले होते. बाहेर काय चाललंय ते मला कुठं ठाऊक?

महिनाअखेरीला धरपकड झाली. त्या श्रेयात बाबांचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही. बहुधा फार नसावा. पण चौदा दुकानांत 'काही नाही' ऐकून पंधराव्यात दोनदा जाणारा माणूस मला माहीत आहे, कारण तोच माणूस माझ्या हरवलेल्या कंपासपेटीसाठी शाळेच्या शिपायाकडे तीन वेळा गेला होता. मिळाली ती पेटी.

२७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात जक्कलसह चौघांना फाशी झाली. रविवार होता. शेजारचे काका विचारायला आले, "आता बरं वाटलं असेल ना?" बाबा भाजी निवडत होते. "कॉलेजातली पोरं होती हो," एवढंच म्हणाले आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

आमच्याकडे कपडे वाळत घालायची दोरी कायम काथ्याची. पांढऱ्या कपड्यांवर तिचे तपकिरी डाग पडायचे, आई वैतागायची. पण नायलॉनचं नाव काढलं की बाबा उठून बाहेर जायचे. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आईनंही विचारलं नाही.

बाबांचं नाव छापू नका, त्यांना आवडलं नसतं. पुढच्या वेळी त्या खटल्यावर लिहाल तेव्हा दुकानांचं तेवढं लिहा.

परवा मी आईला नायलॉनची दोरी आणून दिली. अजून पिशवीतच आहे.

आपली,
एक वाचक (नाव प्रसिद्ध करू नये),
सिंहगड रस्ता, पुणे