सही केली नाही म्हणून

चि. बाळास,

आईचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तू "बरा आहे, जेवलो" एवढंच बोलतोस आणि ठेवतोस. परवा भरल्या ताटावरून उठलास, गाडी काढलीस. कापूरहोळला पोचल्याचा फोन नाही, कात्रजचा बोगदा ओलांडल्याचा नाही. रात्री साडेअकराला सूनबाईचा फोन आला तेव्हा तात्या आत येऊन आडवे झाले, तोवर ओट्यावरच बसून होते. बोलले काहीच नाहीत. तुला माहीत आहेत ते.

कंपनीच्या पोल्ट्रीची शेड बांधायला तू पंधरा लाखांचं कर्ज काढायचं म्हणतोस, ज्याच्या कागदावर मी सही केली नाही, तो विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलेय. इकडची खबर सांगते. लंगडी कोंबडी खुडूक झाली. सोमवारी तिला तेरा अंड्यांवर बसवली. घमेल्यात खाली राख, वर पेंढा, पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. दिवसातून एकदाच उठते, कण्या टिपते, पाणी पिते, राखेत लोळते की परत आपल्या जागेवर. दोन कोवळ्या तलंगा मुंगसानं नेल्या, म्हणून खुराड्याला तुझी जुनी सायकलची जाळी लावली. तुझ्या चिमीची गोधडी अर्धी झालीय. वरचं लुगडं आक्काचं, आतले थर माझ्या दोन साड्यांचे आणि मधे एक चौकोन तुझ्या शाळेच्या खाकी पँटचा. धावदोरा बारीक घालतेय, त्यामुळे डोळे लवकर दमतात.

भोरच्या बाजारात गावरान अंडं बारा रुपयाला दिलं. आणि तिथून येताना गाडीत माझ्या मनात हिशोब सुरू झाला. पंधरा लाख म्हणजे सव्वा लाख अंडी. आपली कोंबडी वर्षाला साठ-सत्तर देते, वीस कोंबड्यांची धरून चाल बाराशे. म्हणजे शंभर वर्षं. हे लिहायचं नव्हतं. लिहिलंच आहे तर असू दे.

तू समजावून सांगितलंस ते मला कळलं होतं, बाळा. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, लाईट आणि मेहनत आपली. चाळीस-बेचाळीस दिवसांत बॅच निघते, किलोमागे पैसे मिळतात, बाजार पडला तरी त्याची झळ कंपनीला. पाच हजार पक्षी, एकेकाला सव्वा फूट जागा, म्हणजे सव्वासहा हजार फुटांची शेड. हेही मी ध्यानात ठेवलंय. पण एक बॅच गेल्यावर पुढची पिल्लं टाकायला त्यांनी दोन महिने लावले तर हप्ता थांबतो का? आणि आपल्याकडे पाऊस चार महिने धो धो. पक्ष्यांखाली पसरलेलं तुसाचं लिटर ओलं झालं की त्याचा वास डोळ्यांना झोंबतो, पक्षी मलूल होतात. शेड आपल्या नावावर, बोजा आपल्या सातबाऱ्यावर. पक्षी तेवढा त्यांचा.

तू बारा वर्षांचा होतास, तुला आठवत असेल नसेल. 2006 चा फेब्रुवारी. टीव्हीवर नवापूरची बातमी लागली, बर्ड फ्लू. कुठे नंदुरबारकडचं नवापूर आणि कुठे आपलं गाव! मामाच्या शेडमधला एक पक्षी शिंकला नव्हता, पण गिऱ्हाईक कुणी फिरकेना. पक्षी रोज खाद्य खात होते आणि वजनं वाढत होती. मामा संध्याकाळी शेडच्या दारात उभा राहायचा, हातात रिकामं पोतं, आत जायचा नाही. कर्जाला जामीन तात्या होते. सडकेकडचा तुकडा त्या वर्षी का विकला, हे तू कधी विचारलं नाहीस आणि आम्ही कधी सांगितलं नाही. तात्यांनी मामाला आजवर एका शब्दानं दुखावलेलं नाही. 2020 ला कोरोनाच्या अफवेनं पुन्हा तेच झालं, लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या. तेव्हा तर तू मोठा होतास.

पुन्हा तिथंच आले. माफ कर.

तू म्हणालास, "आई, तुला परसात दाणे टाकण्यापलीकडे काय कळतं?" ते लागलं मला, खोटं कशाला सांगू. पण सूनबाईसमोर मी "सही करणार नाही" असं तोडून बोलले, ते तुलाही लागलं असणार. तुला एकट्याला मागच्या दारी बोलवून सांगायला हवं होतं. लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत तात्यांनी माझं नाव सातबाऱ्यावर लावलं, तेव्हा भावकीत सगळे हसले होते. आज त्या नावाची पहिल्यांदा गरज पडली आणि ते मी तुलाच नाही म्हणायला वापरलं. झोप लागत नाही ती त्यामुळेही.

तुला कळत नाही असं माझं म्हणणं नाही. तू नववीत होतास, लोडशेडिंगचे दिवस. थर्माकोलचं खोकं, दोन बल्ब, पाण्याची वाटी आणि मास्तरांकडून मागून आणलेलं थर्मामीटर. साडेसदतीसच्या खाली काटा गेला की उठायचास. अंड्यांवर पेन्सिलीनं एकीकडे फुली, एकीकडे गोल, दिवसातून चार वेळा फिरवायचास, अठराव्या दिवसानंतर हात लावू द्यायचा नाहीस. सातव्या रात्री मला उठवलंस, अंड्यामागे बॅटरी धरलीस. आत लाल शिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि मधे एक ठिपका हलत होता. इतकी वर्षं कोंबड्या पाळल्या, पण ते मी कधी पाहिलं नव्हतं. लाईट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या माझ्या शालीत गुंडाळून आत ठेवायचास. तीसमधली सतरा फुटली. मानमोडीच्या रोगानं आधीच्या वर्षी सगळं खुराडं रिकामं केलं होतं, म्हणून त्या सतरांना सातव्या दिवशी लासोटा लशीचे थेंब तूच घातलेस, एकेकाचा डोळा उघडून. सगळ्या आळीला सांगत फिरले होते मी.

म्हणून सांगते, धंदा करू नको असं नाही. डब्यात अंड्यांचे एकेचाळीस हजार आहेत. तात्यांना ठाऊक नाहीत. शंभर पिल्लं आण, गिरिराज म्हण, कावेरी म्हण, तुला योग्य वाटतील ती. खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रात चौकशी कर, तुला जवळच आहे. गोठ्याकडची पडवी तात्या मोकळी करून देतील, मी बोलते. नोकरी तेवढी एवढ्यात सोडू नको. चिमीची शाळा आता सुरू होईल, हप्त्याच्या तारखेला तू रात्री छताकडे बघत पडलेला मला... जाऊ दे.

बँकेचे कागद घेऊन ये. मला दोनदा वाचून दाखव, बारीक अक्षरातलंसुद्धा. सही करीन असं म्हणत नाही, करणारच नाही असंही आता म्हणत नाही.

दूधवाल्याच्या गाडीत चोवीस अंडी तुसात भरून पाठवलीत. वरची सहा आजची आहेत, ती चिमीला. पाण्यात टाकून बघ, तळाशी बसली तर ताजी. जेवण वेळेवर करत जा, आणि घाटात रात्रीची गाडी चालवू नको.

लंगडीचे एकवीस दिवस बसवल्यापासून तिसऱ्या सोमवारी भरतात. आतून चोच मारायला लागतात ती आदल्या रविवारी रात्रीच. चिमीला घेऊन त्या रविवारी उजेडातच निघा. तात्यांनी तुझं ते थर्मामीटर माळ्यावरून काढून पुसून ठेवलंय.

तुझी,
आई