टुमदार गाव मे महिन्यात पाहावे

संपादक महोदय,

पाऊस सुरू झाला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पुण्याजवळच्या टुमदार गावांवर लेख येतात. वाई, भोर, सासवड, जुन्नर ही नावे त्यात ठरलेली. गावे सुंदर आहेत, यात वादच नाही. पण हल्ली असे लेख वाचून लोक नुसते सहलीला जात नाहीत. निवृत्तीची पुंजी तिकडे वळते, घरून काम करणारी जोडपीही जागा पाहायला निघतात. त्यांना जे कळायला हवे, ते या लेखांत नसते. ते छापले जावे म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न गावात राहायचे की गावाबाहेर, हा आहे. वाईचे आकर्षण कशात आहे? कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, गणपती आळी, मधली आळी, मराठी विश्वकोशाचे कार्यालय, बाजारपेठ, आणि हे सगळे पायी फिरण्याच्या टप्प्यात. पुणेकरांना दाखवले जातात ते प्लॉट मात्र सात-आठ किलोमीटर लांब, डोंगराच्या कुशीत असतात. तिथे दुधाच्या पिशवीलाही गाडी काढावी लागते. सत्तरी ओलांडल्यावर गाडी सुटली की तेच घर कोंडवाडा होते. म्हणून घर घ्यायचे तर नगरपरिषदेच्या हद्दीत, शक्यतो गावठाणात घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गावाबाहेरच्या जागेत कागदाचाही घोटाळा असतो. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कूळकायद्याचे कलम ६३ तेच सांगते. यावर पळवाट म्हणून एकाच सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे चढवून 'तुमचे चार गुंठे' दाखवले जातात, किंवा नोटरीपुढे साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करून पैसे घेतले जातात. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. त्यात आधी भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन कोणत्या अटींवर धारण केली आहे ते, पाहावा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग 'इतर हक्क' वाचावेत: कुळाचे नाव, बँकेचा बोजा, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा शेरा. पुणे जिल्ह्यात धरणे भरपूर असल्याने हा शेरा बऱ्याच सातबाऱ्यांवर आढळतो. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांकाचा उतारा काढून वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्यावा. पुरंदर तालुक्यात, म्हणजे सासवडकडे, आणखी एक काम वाढते. विमानतळासाठी ठरवलेल्या सात गावांत आपला जमिनीचा गट येतो का, हे विसार (आगाऊ रक्कम) देण्याआधी तपासावे.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. तिच्यावर आजोबांपासूनच्या वारसांची नावे असतात, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही. त्यातल्या एकाची सही राहिली तरी व्यवहार लटकतो. वाड्यात जुना भाडेकरू असेल तर १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याला संरक्षण आहे. घरमालकाने 'तो जाईल हो' म्हटले म्हणून विसार देऊ नये.

आता वाड्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. जुना वाडा पाहताना रंग पाहू नये, तुळईची टोके पाहावीत. भिंतीत शिरलेल्या टोकाला वारा लागत नाही आणि भिंतीची ओल तिथेच मुरते, म्हणून सागवानही पहिल्यांदा तिथेच कुजते, वाळवीही तिथूनच चढते. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. सहज आत गेला तर ती तुळई बदलायची, असे धरून हिशेब करावा. दुसरे, जोते, म्हणजे घर ज्यावर उभे असते तो चौथरा. गल्लीत दर काही वर्षांनी काँक्रीटचा नवा थर पडतो, रस्ता वर येतो आणि वाडा खड्ड्यात जातो. मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी ओसरीवर. उंबरा रस्त्यापेक्षा खाली असेल तर आधी पाण्याला बाहेरची वाट करून द्यावी, फरशी नंतर.

तिसरी गोष्ट सिमेंटची. पांढऱ्या मातीच्या आणि चुन्यातल्या विटांच्या भिंती ओल शोषतात आणि बाहेर टाकतात. त्यांना सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगतो, लोणा लागतो (पांढरे क्षार फुटतात), खालचा हातभर भाग भुसभुशीत होऊन गळू लागतो. मालक पुन्हा सिमेंट मारतो आणि भिंत आणखी खचते. उपाय जुनाच आहे. चुना विरवून निदान दोन आठवडे पाण्याखाली ठेवावा, एका भागाला अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू घ्यावी, एक थर १० ते १२ मिलिमीटरहून जाड देऊ नये आणि थर ओला राहील असे पाणी मारत राहावे. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. एप्रिल-मेच्या उन्हात चुना भराभर वाळतो आणि तडकतो. कौले मात्र मे महिन्यातच परतून (काढून पुन्हा लावून) घ्यावीत, तेव्हा वाशांची आणि रिपांची अवस्थाही दिसते. चुन्यात हात बसलेला गवंडी वाई-भोर भागात अजून मिळतो, पण त्याची तारीख आधी घ्यावी लागते. तो मिळेपर्यंत थांबावे, घाईने सिमेंटवाल्याला बोलावू नये.

नदीकाठच्या घराचा मोह वाईत फार पडतो. वर धोम धरण आहे. विसर्ग वाढला की घाट पाण्याखाली जातात. जलसंपदा विभागाच्या पूररेषेत निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर कोणत्या रेषेच्या आत आहे ते नकाशावर पाहावे, आणि शेजारच्या आजींना पाणी कुठवर आले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगावे.

पाण्याचे गणित सोपे आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चौघांना ५४० लागतात. उन्हाळ्यात एखादी पाळी चुकते, म्हणून तीन दिवसांचा साठा, म्हणजे साधारण १,६०० लिटरची टाकी हवीच. सासवडचा पट्टा पर्जन्यछायेतला, तिथे टाकी याहून मोठी असावी. सांडपाण्याचे मात्र कुणी विचारतच नाही. अशा गावांत बहुतेक घरांना सेप्टिक टँकच असतो. पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याच्या खोलीचा टँक पुरतो, पण दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. उपसणारी गाडी आळीत शिरते का? नसेल तर तिचा पाइप घरापर्यंत पोहोचतो का? टँकमधले पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा काळ्या मातीत लवकर तुंबतो. विहीर असेल तर शोषखड्डा तिच्यापासून किमान १८ मीटर दूर हवा.

वीज गेली तर म्हणून १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला की दोन पंखे आणि चार दिवे पाच-सहा तास चालतात. जुन्नरकडे उसाला लागून घर असेल तर बिबट्याचा विचार करावाच लागतो. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र त्याच तालुक्यात आहे. अंगणात दिवा हवा आणि तिन्हीसांजेनंतर मुले एकटी बाहेर नकोत.

दवाखान्याचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, रात्री दोनच्या हिशेबाने मोजावे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा. गावात रात्री स्कॅन होतो का, नसेल तर वाईहून साताऱ्याला किंवा सासवडहून हडपसरला किती वेळ लागतो, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. शनिवारी सकाळी खेड शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकी ओलांडायला किती वेळ जातो, तेही. माउलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी सासवडची वाट वाहनांना बंद असते. भोरकरांसाठी कोकणात उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवला जातो. कोकणात नातेवाईक असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हे सगळे एका रविवारी कळत नाही. आधी ११ महिने भाड्याने राहावे. करार नोंदणीकृतच करावा, तसा कायदाच आहे. मे महिना आणि जुलै असे दोन्ही त्यात आले पाहिजेत.

आपल्या पुरवणीत यापुढे प्रत्येक गावासोबत एक चौकट द्यावी, ही विनंती: मे महिन्यात नळाला पाणी किती दिवसांआड आणि किती वेळ येते, रात्री डॉक्टर कुठे मिळतो, शेवटची एसटी किती वाजता सुटते, मैला उपसणारी गाडी नगरपरिषदेकडे आहे का आणि पूररेषेचा नकाशा कुठे पाहायला मिळतो. आपल्या तालुका वार्ताहरांना ही माहिती दोन दिवसांत जमवता येईल.

आपले,
जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या कामातील काही वाचक, पुणे