इशारा मोबाईल देईल, पुढचं सरकारने सांगावं

मा. मुख्यमंत्री महोदय
(अध्यक्ष, गोवा राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण)

सप्रेम नमस्कार.

गोव्यात भूकंपाचा विषय काढला की लोक हसतात. आपल्याकडे पूर येतो, दरड कोसळते, वादळात माड आडवे होतात. भूकंप कोयनेला नि किल्लारीला. पण इमारतींच्या भूकंपसुरक्षेसाठीच्या २०१६ च्या भारतीय मानकात अख्खा गोवा भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात आहे, आणि कोयनानगर पणजीपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या थोडं पुढे.

सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने भारतातल्या अँड्रॉइड फोनांसाठी भूकंपाच्या इशाऱ्याची सोय जाहीर केली. फोन आडवा धरला की ज्या चिपमुळे स्क्रीन फिरते, तीच चिप जमिनीची थरथर टिपते. भूकंपाची पहिली लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, पाडापाडी करणारी दुसरी साडेतीनच्या आसपास. पहिली लागली की स्थिर पडलेले फोन सर्व्हरला कळवतात. एका टापूतले पुष्कळ फोन एकदम तेच सांगू लागले की इशारा सुटतो. आमच्या डिचोलीत खनिजाचा ट्रक गेला की फडताळातली भांडी वाजतात. पण ट्रकने रस्त्याकडेचे चार फोन हलतील, तालुका नाही. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारीचा (३० सप्टेंबर १९९३), दोन्ही पहाटेचे. आज त्या वेळी घरोघरचे फोन चार्जिंगला लावून पडलेले असतात. या कामाला याहून चांगली वेळ नाही.

कोयनेकडे मोठा धक्का बसला तर दुसरी लहर पणजीला पोचायला साधारण मिनिट लागेल, तोवर तिचा जोरही ओसरलेला असेल. धक्का आपल्या पायाखालीच झाला तर मात्र हाताशी दोन-चार सेकंद, कदाचित तेवढेही नाहीत. यंत्रणा चुकतेही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात ७.८ चा भूकंप तिने पाचच्याही खाली मोजला आणि सर्वांत गंभीर इशारा फक्त ४६९ फोनांना गेला. म्हणून सगळा भार एका खासगी कंपनीवर टाका, असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं पुढच्या क्षणाबद्दल आहे. इशारा वाजला, मग? फ्लॅटमध्ये टेबलाखाली शिरा, हे ठीक. सत्तरीतल्या मातीच्या भिंतींच्या कौलारू घरात म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? खाटेखाली जायचं की अंगणात? चिऱ्यांच्या घरात? एकच सल्ला सगळीकडे चालणार नाही. आपल्या अभियंत्यांना बसवून हे ठरवून घ्या, कोकणी-मराठीत चार ओळींत लिहा आणि वीजबिलाच्या पाठीमागे छापा. बिल यायचं काही चुकत नाही. २०२३ मध्ये केंद्राने मोबाईलवर आणीबाणीच्या संदेशाची चाचणी घेतली, तेव्हा भोंगा ऐकून लोक फोन हॅक झाला का म्हणून विचारत होते. शाळांत तोच आवाज ऐकवून सराव घ्या. मुलं घरी जाऊन सांगतात.

आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या ज्या वाड्यांवर रेंज नाही, तिथला फोन धक्का कळवणारही नाही नि इशारा ऐकणारही नाही. तिथे टॉवर कधी येणार, की पंचायतीत भोंगा बसवणार, एवढं तरी येत्या अधिवेशनात सभागृहात सांगावं.

आपला,
डिचोलीचा एक रहिवासी