सायलीस पत्र: पुन्हा नीट देण्याआधी

विक्रोळी, मुंबई

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी परत नीट देते," आणि मी नुसतं "बरं" म्हटलं. इकडे आजी कान देऊन बसली होती, तिकडे तुझी मामी. एवढ्या माणसांत हे बोलणं होत नाही, म्हणून लिहितो आहे. मेडिकल प्रवेशाची ही परीक्षा तू पुन्हा द्यावीस, याला माझी हरकत नाही. पण त्याआधी एकच विचारायचं आहे, आणि त्याचं उत्तर मला झटकन नको आहे. या वेळी वेगळं काय असेल?

असं का विचारतो, ते माझ्या कामातून सांगतो. लॅबमध्ये कधीकधी वॉर्डातून रक्त येतं आणि सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की वरचं सीरम गुलाबी दिसतं. सॅम्पल हिमोलाइज्ड आहे, लाल पेशी फुटल्या आहेत. त्यावर पोटॅशियम लावलं तर आकडा खोटाच वाढून येतो. नवीन लागलेली मुलं घाबरून तीच ट्यूब पुन्हा मशीनवर लावतात. पुन्हा तोच आकडा. दहादा लावली तरी तोच येणार, कारण मशीन बरोबर आहे, बिघाड ट्यूबमध्ये आहे. अशा वेळी वॉर्डात फोन करून नवीन सॅम्पल मागवावं लागतं. पेशंटला पुन्हा सुई टोचायची, नातेवाइकांची बोलणी खायची, पण दुसरा इलाज नसतो. तुझं गेलं वर्ष जसंच्या तसं पुन्हा लावायचं असेल, तर मला भीती वाटते ती त्या आकड्याची.

नीटच्या फॉर्ममध्ये ईमेल माझा होता, त्यामुळे तुझ्या ओएमआरची, म्हणजे गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन कॉपी माझ्याकडेच आली होती. फायनल आन्सर की शेजारी ठेवून मी ती एका रविवारी पूर्ण ताडून पाहिली. 720 पैकी 403 हा आकडा आपण सगळे इतक्या वेळा बोललो, पण तो आतून कसा बनला आहे ते कुणी पाहिलंच नव्हतं. 180 प्रश्नांपैकी 113 बरोबर, 49 चूक, 18 कोरे; बरोबरला 4 मिळतात, चुकीला 1 जातो. बायोलॉजीत 90 पैकी 70 बरोबर आणि 15 चूक, म्हणजे 360 पैकी 265. केमिस्ट्रीत 28 बरोबर, 13 चूक, 180 पैकी 99. आणि फिजिक्समध्ये 45 पैकी 15 बरोबर, 21 चूक, 9 कोरे. 180 पैकी 39.

निकाल लागल्यापासून तू म्हणतेस की निगेटिव्ह मार्किंगने घात केला. मीही तेच धरून बसलो होतो. पण हिशेब केला तर तसं दिसत नाही. चार पर्यायांतला एक गोल अगदी अंदाजपंचे भरला, तरी चारांत एकदा 4 मिळतात आणि तीनदा 1 जातो, म्हणजे सरासरीने नुकसान होत नाही. तुझे 49 चुकलेले प्रश्न सगळे कोरे ठेवले असतेस तर 49 गुण वाचले असते हे खरं, पण मग त्या अंदाजांतून जे बरोबर आले तेही गेले असते. खरी गळती दुसरीकडे आहे. बायोलॉजी पूर्ण सुधारली तरी तिथे 95 गुण उरले आहेत. एकट्या फिजिक्समध्ये 141 पडून आहेत. आणि तू परत अभ्यासाला बसशील तेव्हा पहिल्यांदा काय उघडशील, हे मला माहीत आहे. बायोलॉजीचं एनसीईआरटीचं पुस्तक. कारण ते तुला आवडतं, त्याच्या ओळी तुला पाठ आहेत, आणि ते वाचलं की दिवस कामी लागला असं वाटतं.

2025 चं फिजिक्स भयंकर कठीण होतं, हे सगळ्या देशाने म्हटलं आणि ते खोटं नाही. त्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलालासुद्धा 720 पैकी 686 होते. आदल्या वर्षी, सुधारित निकालानंतरही, 17 जणांना पैकीच्या पैकी होते. म्हणून दादरच्या काकूंनी त्यांच्या पुतणीचे 2024 चे गुण तुझ्यासमोर ठेवले तेव्हा मला राग आला होता. दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून काहीच कळत नाही, कळतं ते रँकवरून. पण पेपर कठीण होता तर तो सगळ्यांनाच होता, आणि रँक तिथेच ठरली.

फिजिक्स का अडतं, यावर माझं एक मत आहे. अकरावीत तू गणित सोडलंस. डॉक्टरला गणित कशाला, असं तेव्हा कॉलेजातही सांगितलं गेलं आणि तुझ्या सगळ्या मैत्रिणींनी तेच केलं. नियमाने त्यात काही वावगं नाही, एमबीबीएसला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजीच लागतं. पण व्हेक्टर, साइन-कॉस, आलेखाचा उतार, साधं डिफरन्सिएशन, हे सगळं फिजिक्समध्ये मागच्या दाराने येतंच. क्लासमध्ये सर तीन ओळींत ते उरकतात, कारण समोरच्या निम्म्या मुलांचं गणित चालू असतं. तू त्या तीन ओळी पाठ केल्यास. तुझ्या वहीत मी पाहिलं, मेकॅनिक्सच्या गणितांत सूत्र बरोबर लिहिलेलं असतं आणि पुढची पायरी पुसून पुसून कागद फाटलेला असतो. तिथे तू अडतेस, ते बुद्धीमुळे नाही. तो पाया तुला कुणी घालूनच दिला नाही.

तेव्हा सुरुवात तिथून करायची, असं मला वाटतं. पहिले तीन-चार आठवडे फक्त लागणारं गणित आणि मग मेकॅनिक्स. बायोलॉजी रोज तासभर, जिवंत राहण्यापुरती. हे कंटाळवाणं होईल. दहावीच्या मुलीसारखं त्रिकोणमिती करत बसायला तुला लाज वाटेल. पण कुठल्याही टेस्ट सिरीजपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

क्लासमधल्या, पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचबद्दल. ती जून-जुलैलाच सुरू झाली, आपण प्रवेशाचे राउंड संपायची वाट पाहत बसलो, आणि आता अर्ध्यावर जाऊन तिथे बसायचं तर जे तुला हवं तेच निसटलेलं असणार. फी मात्र पूर्ण. क्लासवाले म्हणतील लेक्चरची रेकॉर्डिंग देतो. रेकॉर्डिंगसमोर बसून तू वही भरशील, मी पाहिलंय ते. माझ्या मते टेस्ट सिरीज तेवढी घ्यावी आणि फिजिक्ससाठी कुणी एक माणूस शोधावा, जो समोर बसवून गणितं सोडवून घेईल. कन्नमवार नगरच्या मागच्या बाजूला एक निवृत्त सर शिकवतात, आईने त्यांच्याशी बोलून ठेवलंय. तुला पटलं तरच जायचं.

आणखी एक, जे छोटं वाटेल पण नाही. परीक्षा दुपारी 2 ते 5 असते. गेल्या वर्षी तू रात्री अडीच-तीनपर्यंत वाचायचीस आणि जेवून दुपारी झोपायचीस. म्हणजे ज्या तीन तासांत डोकं सगळ्यात तरतरीत हवं, नेमकं त्या वेळी झोपायची सवय तू शरीराला लावलीस. आता 180 मिनिटांत 180 प्रश्न आहेत. मध्यंतरीच्या वर्षांत 200 मधले 180 निवडता यायचे, वेळही 20 मिनिटं जास्त होता, ती सवलत 2025 पासून गेली. तेव्हा पूर्ण पेपर सोडवायचा तो दुपारी दोनलाच, पेनने ओएमआर भरून. घरात आजीची मालिका चालू असते, म्हणून अभ्यासिकेत जागा विचारून ठेवतो.

वर्ष वाया जाईल, हे तू रडत रडत म्हणाली होतीस. वयाचं म्हणशील तर नीटला 2022 पासून वरची वयोमर्यादाच नाही आणि किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही. कामा हॉस्पिटलवरून जाताना मला नेहमी रखमाबाई आठवतात. मुंबईची मुलगी, लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारलं म्हणून कोर्टात वर्षानुवर्षं खेचली गेली. तो खटला मिटल्यावर, कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पेची यांच्या मदतीने, 1889 मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या. 1894 मध्ये डॉक्टर झाल्या तेव्हा तिशीला आल्या होत्या. त्यानंतरची कितीतरी वर्षं त्यांनी सुरत आणि राजकोटच्या बायकांसाठी काढली. तू एकोणीसची आहेस.

पण किती वेळा द्यायची याला सरकारचं बंधन नसलं, तरी घराचं असावं असं मला वाटतं. ही एकदा. मनापासून, नीट तयारीने. आणि त्याच वेळी दुसरे फॉर्मही भरायचे. राज्याच्या एमएचटी-सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप भर, त्यातून बी.फार्म. होतं आणि त्यात निगेटिव्ह मार्किंगही नाही. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तीही दे. नीटच्या गुणांवर आयुर्वेदाचं बीएएमएस, होमिओपॅथीचं बीएचएमएस, दातांचं बीडीएस आहेच. यंदा तुला बीडीएस मिळत होतं आणि तू घेतलं नाहीस. तो निर्णय मी मान्य केला, कारण दातांत तुला रस नाही हे मला दिसत होतं. पण पुढच्या वर्षी तसाच प्रसंग आला तर तुझ्याकडे उत्तर तयार हवं. तुला माणसं बरी करायची आहेत, की नावामागे एमबीबीएस हवंय? दोन्ही हवं असणं चूक नाही. फक्त एकच मिळालं तर कुठलं, हे तुला माहीत असायला हवं. आमच्या हॉस्पिटलात रात्री तीनला पेशंटचा श्वास बिघडला की पहिली हाक सिस्टरची असते. ते काम मी जवळून पाहिलंय, आणि कुणी त्याला कमी लेखलं तर मला सहन होत नाही.

पैशाची काळजी तू करू नकोस, पण माहिती असू दे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपण त्यात बसतो. अट एवढीच की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. हॉस्टेल-मेसचं बघू. नॉन-क्रीमी लेयर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, त्याचं नूतनीकरण मी सेतू केंद्रातून करून आणतो. डोमिसाइल आणि जात वैधता आहे. शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र लागलं तर ऐनवेळी करू, त्याला वेळ लागत नाही. कागदांकडे तू बघायचंच नाहीस, ते खातं माझं.

कॉलेजच्या यादीबद्दलही आत्ताच बोलून ठेवतो. तुझ्या डोक्यात केईएम आहे, फार तर नायर, सायन, कूपर, जे.जे. मुंबईच्या मुलीला तसं वाटणारच. पण पसंतीक्रमात सिंधुदुर्ग, नंदुरबार, गडचिरोली, हिंगोली, सगळं असलं पाहिजे. नव्या सरकारी कॉलेजांत सोयी कमी असतील, शिक्षक कमी असतील, हे मी नाकारत नाही. तरी पदवी त्याच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, जी केईएमच्या मुलांना मिळते. आणि हिंगोलीच्या ओपीडीत बसलेल्या माणसाला डॉक्टर हवाच असतो, मुंबईतल्या माणसाइतकाच.

नातेवाइकांचं मी पाहून घेईन. "क्वालिफाय झाली ना, मग सीट का नाही?" असं विचारणाऱ्यांना मी शांतपणे सांगतो की 2025 मध्ये 12 लाखांहून जास्त मुलं क्वालिफाय झाली आणि देशभर एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. बहुतेक जण यावर गप्प होतात. जे होत नाहीत त्यांना आई बघते.

आता तुझं काम. ओएमआरची प्रिंट आणि आन्सर की सोबत पाठवतो आहे. फिजिक्सच्या त्या 30 प्रश्नांसमोर, जे चुकले किंवा सुटले, तूच लिही: हा धडाच आला नव्हता, की धडा येत होता पण गणित अडलं, की वेळ संपला. खरं लिही, मला खूश करायला नको. माझा अंदाज आहे की गणित अडलेले जास्त निघतील; तसं नसेल तर वर लिहिलेलं सगळं मी बदलायला तयार आहे. आणि लिहिता लिहिता असं वाटलं की हे पुन्हा नको, आता दुसरं काही करू दे, तर तेही त्याच कागदावर लिही. मला वाईट वाटेल का? थोडं वाटेल. पण मी तुझ्याबरोबर बी.फार्म.च्या कॉलेजांची यादी काढायला बसेन, आणि मनापासून बसेन.

मामाला म्हणावं मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट काढून दे. ठाण्याला उतर, दादरपर्यंत जाऊ नकोस, मी स्टेशनवर येतो. आजीसाठी कोकम आण, आणि मामीला त्रास देऊ नकोस.

तुझा,
बाबा