तुमच्या यादीतला प्रोसेसर माझ्या बोर्डावर चालत नाही

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मदरबोर्ड निर्माती कंपनी, भारतातील कार्यालय

विषय : एच६१ मदरबोर्डच्या पहिल्या रिव्हिजनवर (घडणीच्या पहिल्या आवृत्तीवर) कोणता प्रोसेसर चालतो याबद्दल चुकीची माहिती दिल्याबाबत व त्यामुळे झालेल्या नुकसानीबाबत.

महोदय/महोदया,

तुमचा एच६१ चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड माझ्याकडे २०१२ च्या फेब्रुवारीपासून आहे. नागपूरच्या बर्डीतल्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेला, त्यावर पेंटियम जी६२० प्रोसेसर. बोर्डाबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या ग्राहक सेवेकडून आलेल्या जवळजवळ प्रत्येक उत्तराची सुरुवात "या उत्पादनाची वॉरंटी संपलेली आहे" इथून होते. वॉरंटी कधीच संपली, हे मला माहीत आहे. मी ती मागितलेलीच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो अशा गावात, कूलरच्या भरवशावर चालणाऱ्या दुकानात जो बोर्ड इतकी वर्षं टिकला, त्याला नावं ठेवायला तोंड उघडत नाही. माझं भांडण आहे ते त्या बोर्डाबद्दल तुम्ही आजही देत असलेल्या माहितीशी.

मी महालात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, फ्लेक्सचे डिझाइन, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की मोर्चेवाल्यांची निवेदनं. सरकारला आणि कंपन्यांना काय लिहावं, हे लोकांना टाइप करून देण्यात माझी हयात गेली. स्वतःसाठी लिहायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली आहे.

"नवीन कॉम्प्युटरच का घेत नाही?" असं तुमच्या प्रतिनिधीनं फोनवर विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. माझं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आहे आणि ते डोंगलवर, म्हणजे कुलपासारख्या छोट्या उपकरणावर, चालतं. हे डोंगल यूएसबीचं नाही, मागच्या एलपीटी पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या खोबणीला, लावायचं आहे. तुमच्या या बोर्डावर तो पोर्ट आहे. हल्लीच्या बोर्डांवर तो शोधून सापडत नाही. गेल्या कित्येक वर्षांचे माझे साचे त्याच फॉन्टमध्ये आहेत. ते युनिकोड नाहीत, त्यामुळे दुसऱ्या मशीनवर उघडले की मराठीच्या जागी चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला आणि विंडोज ११ या पिढीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, हेही तुमच्या प्रतिनिधीनं ऐकवलं. खरं आहे, पण हे मशीन इंटरनेटला जोडलेलंच नाही. इंटरनेटच्या कामाला माझ्याकडे वेगळा लॅपटॉप आहे. या मशीननं फक्त टाइप करावं, कोरलमधली फाइल उघडावी आणि पीडीएफ काढून द्यावी. दोन कोरचा पेंटियम टायपिंगला आजही पुरतो, पण जरा मोठा फ्लेक्स उघडला की कर्सर गोल फिरत बसतो आणि गिऱ्हाईक घड्याळ बघत बसतं. रॅम वाढवून झाली होती, एसएसडी टाकून झाली होती. राहिला होता प्रोसेसर.

प्रोसेसर निवडताना मी आंधळी उडी मारलेली नाही. एलजीए ११५५ सॉकेटवर, म्हणजे माझ्या बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत, इंटेलच्या प्रोसेसरच्या दोन पिढ्या बसतात. दुसरी पिढी २०११ च्या जानेवारीत आली, तिसरी २०१२ च्या एप्रिलअखेर. म्हणजे माझा बोर्ड दुकानातून घरी आला तेव्हा तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बाजारात नव्हते; ते चालवायचे तर नवीन बायॉस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) टाकावा लागणार, हे उघड होतं. सहा मालिकेतल्या क्यू६५, क्यू६७ आणि बी६५ या चिपसेटना इंटेलनं तिसऱ्या पिढीच्या सपोर्टमधून वगळलं होतं, एच६१ ला नाही. आता प्रश्न होता तुमच्या बोर्डाचा. सॉकेटमध्ये प्रोसेसर बसला म्हणजे तो चालेलच असं नसतं. बायॉसला तो ओळखता यावा लागतो, आणि बोर्डाच्या वीजपुरवठ्याला त्याचे वॅट झेपावे लागतात. हे दोन्ही सांगू शकणारी जगात एकच जागा आहे, ती म्हणजे तुमच्या वेबसाइटवरची प्रोसेसर सपोर्टची यादी.

त्या यादीत माझ्या मॉडेलसमोर दोन्ही पिढ्यांचे प्रोसेसर आहेत. मी दोन नावं काढली. दुसऱ्या पिढीतला आय५-२४००, ९५ वॅटचा. आणि तिसऱ्या पिढीतला आय५-३४७०, ७७ वॅटचा. दोन्ही चार कोरचे. २४०० माझ्या आहे त्या बायॉसवर चालला असता, पण उन्हाळ्यात इथे कूलरच्या हवेतही उकडतं, म्हणून १८ वॅट कमी खाणारा प्रोसेसर घ्यावा असं ठरवलं. शिवाय २२ नॅनोमीटरचा, म्हणजे जरा नव्या घडणीचा. तुमच्या यादीत त्याच्यासमोर कोणत्या बायॉस आवृत्तीपासून तो चालेल तेही लिहिलेलं होतं.

एक शंका मात्र राहिली होती. माझ्या बोर्डाच्या कोपऱ्यात रिव्हिजन १.० असं छापलेलं आहे, आणि तुमच्या साइटवर याच मॉडेलची २.० ही रिव्हिजनही आहे. यादी मात्र दोन्हींना एकच. म्हणून मी खरेदीच्या आधी तुमच्या ग्राहक सेवेला ईमेल केला. मॉडेल लिहिलं, रिव्हिजन लिहिली, सध्याचा बायॉस लिहिला, बोर्डाचा फोटो जोडला आणि सरळ विचारलं : रिव्हिजन १.० वर आय५-३४७० चालेल का? उत्तर आलं की हा प्रोसेसर सपोर्टेड आहे, बायॉस अपडेट करून घ्यावा. डाउनलोड पानावर माझ्या रिव्हिजनची नवीन फाइल दिसत नाही असंही मी विचारलं होतं. त्यावर "पानाचं काम सुरू आहे, फाइल ईमेलनं पाठवू" असं लिहून आलं. ही दोन्ही उत्तरं या पत्रासोबत जोडली आहेत. ती पुन्हा एकदा वाचावीत, कारण पुढचा सगळा खर्च त्या दोन उत्तरांवर झाला आहे.

हे प्रोसेसर आता नवीन मिळत नाहीत. बंद पडलेल्या ऑफिसांच्या मशीन फोडून निघालेलेच बाजारात असतात. मी असाच एक सतराशे रुपयांना घेतला, बिलासह, चालू असल्याची खात्री करून.

तुमची फाइल आली ती बऱ्याच स्मरणपत्रांनंतर. बायॉस टाकताना मध्येच लाइन गेली तर बोर्ड कायमचा जातो, आणि आमच्याकडे पावसाळी हवेत लाइनचा नेम नसतो. म्हणून मशीन यूपीएसवर घेतलं, आणि हे काम ज्याचं रोजचं आहे अशा बर्डीतल्या ओळखीच्या मेकॅनिकला दुकानावर बोलावलं. तुमच्याच फ्लॅश युटिलिटीनं (बायॉस टाकण्याच्या प्रोग्रामनं) तुमचीच फाइल नाकारली. फाइलची ओळख आणि बोर्डाची ओळख जुळत नाही, असा संदेश आला. पोरगा हुशार आहे. तो म्हणाला, "काका, ही फाइल दुसऱ्या बोर्डाची आहे ना जी! जबरदस्ती केली तर बोर्ड बसून जाईन." तपासणीला बगल देऊन फाइल टाकण्याचे मार्ग असतात, ते त्याला ठाऊक आहेत, त्यानं ते वापरले नाहीत, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. तुमच्या ग्राहक सेवेनं मात्र पुढच्या ईमेलमध्ये नेमका तोच मार्ग सुचवला. तो सल्ला मी ऐकला असता तर आज माझ्याकडे नवा प्रोसेसर, जुना प्रोसेसर आणि मेलेला बोर्ड असा संच असता.

खातरजमा म्हणून आय५ बोर्डावर बसवूनही पाहिला. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. जुना पेंटियम परत लावला की मशीन सुरू. तोच आय५ मेकॅनिककडच्या दुसऱ्या एच६१ बोर्डावर मुकाट्यानं चालतो. यापेक्षा स्पष्ट निदान कोणतं हवं? सॉकेटच्या पिना या पिढीत प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात आणि केसासारख्या बारीक असतात, त्यामुळे ही काढघाल करताना दर वेळी जीव मुठीत धरावा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यानंतर तुमच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तिथल्या माणसानं मॉडेल ऐकून बोर्ड हातातही घेतला नाही. मॉडेल बंद झालं आहे, नवीन बोर्ड घ्या, एवढंच. अखेर तुमच्या वरच्या पातळीवरच्या तांत्रिक विभागाकडून जे उत्तर आलं, तेच या तक्रारीचं खरं मूळ आहे. त्यात लिहिलं आहे की तिसऱ्या पिढीचा सपोर्ट फक्त रिव्हिजन २.० ला आहे, १.० साठी तसा बायॉस काढलेलाच नाही. अनेक सहा मालिकेच्या बोर्डांवर तिसऱ्या पिढीसाठी बायॉसबरोबर मॅनेजमेंट इंजिनचं (चिपसेटमधल्या इंटेलच्या स्वतंत्र यंत्रणेचं) फर्मवेअरही सातव्यावरून आठव्या आवृत्तीवर न्यावं लागतं, त्यामुळे प्रत्येक जुन्या रिव्हिजनसाठी कंपनी ते काम करत बसली नसेल, हे मी समजू शकतो. तो तुमचा व्यवसायाचा निर्णय झाला. पण मग यादीत ते का नाही? तुमच्या एका विभागाला जे माहीत आहे ते दुसऱ्या विभागाला माहीत नाही, आणि गिऱ्हाइकाला उत्तर मात्र माहीत नसलेला विभाग देतो.

"यादी केवळ संदर्भासाठी आहे" असं तुमच्या शेवटच्या ईमेलमध्ये म्हटलं आहे. संदर्भासाठी म्हणजे कशासाठी? माणूस ती यादी करमणूक म्हणून वाचत नाही. ती वाचून पैसे खर्च करतो. माझ्या हातून लग्नपत्रिकेत मुहूर्त चुकला तर मी पार्टीला "पत्रिका केवळ संदर्भासाठी होती" असं सांगत नाही. माझ्या खर्चानं पुन्हा छापून देतो. यादीत "रिव्हिजन २.० साठीच" एवढे शब्द असते, तर मी मुकाट्यानं आय५-२४०० घेतला असता, किंवा उष्णतेची फारच धास्ती असती तर त्याचा ६५ वॅटचा भाऊ आय५-२४००एस शोधला असता. दोन्ही माझ्या बायॉसवर चालले असते, आणि २४०० तर दोनशे रुपये स्वस्तही होता. विक्रेत्याकडे प्रोसेसर परत करायची मुदत तुमच्या फाइलची वाट पाहण्यात संपली. दरम्यान गणपतीच्या पावतीपुस्तकांची कामं शेजारच्या गल्लीत गेली, पण त्याचा हिशेब मी मागत नाही.

मागतो ते एवढंच. प्रोसेसरचे सतराशे रुपये आणि मेकॅनिकची मजुरी परत मिळावी; दोन्हींच्या पावत्या जोडल्या आहेत, प्रोसेसर तुम्हाला हवा असेल तर घेऊन जावा. या मॉडेलची यादी रिव्हिजनप्रमाणे वेगळी करून दुरुस्त करावी. रिव्हिजन १.० चा शेवटचा बायॉस, तो कितीही जुना असो, डाउनलोड पानावर परत ठेवावा, कारण सध्या तिथलं बटण रिकाम्या पानावर नेतं. बायॉसची फाइल काही एमबीची असते; आमच्या एका फ्लेक्सची फाइल तिच्या कितीतरी पट मोठी भरते. ती ठेवायला जागा नाही असं तुम्ही म्हणणार नाही. आणि फाइल कंपनीकडे मिळत नाही म्हणून लोक कुठल्यातरी अनोळखी साइटवरून बायॉस उतरवतात, चिप प्रोग्रामरनं भरतात आणि बोर्ड घालवून बसतात, हे बर्डीतला कोणीही दुरुस्तीवाला तुम्हाला सांगेल. चौथी गोष्ट पैशाची नाही : ओळख जुळत नसताना फाइल जबरदस्तीनं टाकण्याचा सल्ला तुमच्या ग्राहक सेवेनं यापुढे कोणालाही देऊ नये, आणि तसं मला लेखी कळवावं.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन, आणि तिथेही काही झालं नाही तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात अर्ज करीन. मशीन धंद्यासाठी वापरतो म्हणून मी ग्राहक नाही, असं उत्तर तुमच्या विधी विभागाच्या मनात येऊ शकतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) चं स्पष्टीकरण त्यांनी आधी वाचावं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू तिथे व्यापारी हेतूत धरलेली नाही. दुकानात मी एकटा आहे आणि हे मशीन माझं पोट भरतं. अशी निवेदनं टाइप करता करता एवढा कायदा पाठ झाला आहे.

प्रोसेसर तुम्ही विकलेला नाही, हे मान्य आहे. तो तुमच्या लेखी शब्दावर विकत घेतला गेला, एवढंच माझं म्हणणं आहे. उत्तर याआधीच्याच ईमेलवर, तक्रार क्रमांक तोच ठेवून पाठवावं. नवीन क्रमांक देऊन मला पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायला लावू नये.

आपला,
डीटीपी केंद्रचालक,
महाल, नागपूर
(नाव, पत्ता, बोर्डाचा सिरियल क्रमांक व बिलाची प्रत कंपनीकडे आधीच नोंदवलेली आहे.)