दुसऱ्या एसएसडीचे पैसे बॅकअपवर लावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या जेल रोड किंवा सिल्व्हर मॉलमधून नवा संगणक जुळवून घेणाऱ्या छोट्या पेढ्यांना आणि सीएंच्या कार्यालयांना 'दोन एसएसडी रेडमध्ये लावा, वेगही दुप्पट, सुरक्षाही दुप्पट' असा सल्ला मिळतो. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क आणि रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकीसारख्या वापरण्याची सोय. दोन डिस्कमध्ये हे दोन्ही एकदम मिळत नाही. रेड ० घेतला तर वेग, रेड १ घेतला तर आरसा, म्हणजे तोच डेटा दोन्ही डिस्कवर; निवड एकाचीच.

रेड ० मध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्ही डिस्कवर पडतात. एक गेली की सगळेच गेले, म्हणजे धोका जवळपास दुप्पट. वेग वाढतो तो मोठ्या, सलग फाइलींचा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खाते उघडणे हे चार-चार केबीच्या बारीक वाचनाचे काम. तिथे फरक जाणवत नाही. शिवाय साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी देते, दोन जोडल्या तर ११००; एनव्हीएमई या नव्या, वेगवान प्रकारची तिसऱ्या पिढीची एकच चांगली एसएसडी ३५०० च्या आसपास जाते. हिशेब इथेच संपतो.

रेड १ चा उपयोग खरा आहे, पण एवढाच की एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. चुकून पुसलेले वर्षाचे हिशेब, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस), वीज जाऊन बिघडलेला टॅलीचा डेटा हे सारे त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरही उतरते. एकाच मॉडेलच्या दोन डिस्क एकदम जाऊ शकतात, हे वेगळेच. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने २०१९ मध्ये इशारा दिला होता, की त्यांच्या काही सर्व्हर-एसएसडी फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममधल्या) दोषामुळे ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे पावणेचार वर्षांत, बंद पडतील. सोबत सुरू झालेली जोडी सोबतच जाणार! म्हणून रेड १ करायचाच तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या, सारख्या क्षमतेच्या डिस्क घ्याव्यात.

मदरबोर्डच्या रेडमध्ये आणखी एक खोच आहे. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल उतरला की बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग मूळपदावर जाते, रेडचे एएचसीआय (डिस्क सुट्या चालवणारा मोड) होते आणि विंडोज उठत नाही. डेटा शाबूत असतो. सेल बदलून मोड पुन्हा रेडवर न्यावा, एवढेच काम असते. पण घाईत कोणी 'इनिशियलाइझ' (डिस्क नव्याने तयार करणे) दाबले की खरे नुकसान होते. बोर्डच जळाला तर इंटेलवर बांधलेला रेड एएमडीच्या बोर्डला सहसा ओळखू येत नाही.

बिलिंग काउंटर किंवा दवाखान्याची नोंदणी तासभरही थांबवता येत नसेल, तर रेड १ जरूर करावा. बाकी पेढ्यांना एक टीबीची टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या चिपची) एनव्हीएमई पुरते. तिची लेखनमर्यादा, म्हणजे आयुष्यभरात लिहिता येणारा डेटा, बहुधा ६०० टीबी असते. रोज ५० जीबी लिहिले तरी वर्षाला १८ टीबी होतात, त्यामुळे ती झिजून मरत नाही. मरते ती कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप) बिघडून किंवा विजेच्या झटक्याने. म्हणून यूपीएस हवाच.

उरलेल्या पैशांत दोन बाहेरच्या हार्डडिस्क घ्याव्यात आणि आलटून पालटून वापराव्यात. टॅली सगळ्या संगणकांवर बंद करूनच कॉपी करावी आणि काम होताच डिस्क काढून ठेवावी. महिन्यातून एकदा तो बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून ताळेबंद उघडतो का, ते पाहावे; ही पायरी बहुतेक जण गाळतात. बॅकअपला एसएसडी नको. साध्या एसएसडीचे आयुष्य संपत आले असता तिने ३० अंशांवर विजेविना एक वर्ष डेटा धरावा, इतकीच जेडेक या चिप-उद्योगाच्या मानकसंस्थेची अपेक्षा आहे. इंदूरच्या मे महिन्यात लोखंडी कपाटात ही मुदत आणखी घटते. जीएसटी कायद्याने हिशेब मात्र वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात.

ज्यांच्याकडे रेड ० आधीच आहे, त्यांनी तो तडकाफडकी मोडू नये. मोडताच सगळा डेटा जातो. आधी पूर्ण कॉपी घ्यावी, दुसऱ्या संगणकावर जुन्या वर्षाची कंपनी उघडून पाहावी, मगच बायोसला हात लावावा.

आपला,
संगणक दुरुस्ती व्यावसायिक, इंदूर