कॉम्प्रेशन कमी आलं की आधी ‘मोजलं कसं?’ विचारणाऱ्या मेस्त्रींना

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

वापरलेली जेट स्की घेणारे तुमच्याकडे बहुतेक एकच प्रश्न घेऊन येतात: एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तेव्हा होणारा दाब) कमी दाखवतंय, इंजिन उघडायचं का? आणि तुम्ही दर वेळी, न कंटाळता, आधी विचारता, “मोजलं कसं?” या एका प्रश्नामुळे धडधाकट इंजिनं विनाकारण उघडायची वाचतात. त्यासाठी तुमचे मनापासून आभार. तुम्ही समजावलेलं इथे लिहून ठेवतो आहोत, म्हणजे जे तुमच्यापर्यंत पोचू शकत नाहीत त्यांच्याही हाती ते लागेल.

सगळ्यात मोठे आभार गेजबद्दलच्या, म्हणजे हा दाब मोजणाऱ्या मीटरबद्दलच्या, धड्याचे. गेजच्या नळीत एकदिशा वाल्व्ह असतो, आणि तो स्पार्क प्लगच्या भोकात बसणाऱ्या आट्यांजवळ, अगदी टोकाला असायला हवा. तो वर गेजपाशी असला तर नळीतली सगळी पोकळीही ज्वलनकक्षात धरली जाते. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरात हा कक्ष मुळातच लहान, त्यामुळे नळीतल्या थोड्याशा जास्तीच्या जागेनेही आकडा चांगलाच खाली येतो. टोकाचा वाल्व्ह खराब झाला म्हणून कोणी टायरच्या ट्यूबचा वाल्व्ह बसवतात. त्याची स्प्रिंग कडक असते, म्हणून तेव्हाही आकडा कमीच येतो. रबरी टोक दाबून धरायचं गेज तर नकोच. आट्यांचं घ्यावं, आणि आटे किती मिलिमीटरचे व किती लांब, हे काढलेल्या प्लगशी ताडून पाहावं. सगळेच सिलिंडर सारखेच कमी आले तर पहिला संशय इंजिनावर घ्यायचा नाही. आधी गेज, मग बॅटरी, मग पद्धत.

पद्धतही तुम्ही कारणांसकट सांगितलीत. सीट काढून आधी हलमधली (जेट स्कीच्या पोटातली) पेट्रोलची वाफ जाऊ द्यायची. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, कारण सेल्फ सुस्त फिरला की आकडा पडतो. सगळे प्लग काढायचे. प्लगच्या वायरी अर्थ करायच्या, कारण ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळतो, आणि उघड्यावर पडलेली ठिणगी आग लावू शकते. थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा, नाहीतर सिलिंडरला हवाच पुरत नाही. मग सुई वाढायची थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. पिस्टनने हवा साधारण पाच ते सात वेळा दाबली की पुरतं. प्रत्येक सिलिंडर दोनदा मोजायचा.

इंजिन कोमट असावं. त्यासाठी पाण्याबाहेर चालवायचं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी लावताना क्रम चुकवायचा नाही: आधी इंजिन चालू, मग पाणी, बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरात शिरू शकतं. नळीशिवाय तर काही सेकंदच. हे पाळलं की मोजायला घेतलेलं दुखणं आपणच पैदा केलं असं होत नाही.

आकड्यांबद्दल तुम्ही कधीच घाई केली नाहीत. बऱ्याच टू-स्ट्रोक जेट स्कींमध्ये निरोगी सिलिंडर 120 ते 150 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास दाखवतो. पण खरा आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरायचा. त्याहून महत्त्वाचा सिलिंडरांमधला फरक, तो दहा टक्क्यांच्या आत हवा. दोन्हीकडे 125 आलेलं इंजिन चालवण्याजोगं, एकीकडे 150 आणि दुसरीकडे 120 आलेलं संशयास्पद. सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा भाग) असलेल्या फोर-स्ट्रोकचं कॉम्प्रेशन रेशो मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, त्याची तुलना साध्या इंजिनाशी करून घाबरायचं नाही.

पुढचा टप्पा ओल्या चाचणीचा. सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. फोर-स्ट्रोकमध्ये आकडा बराच चढला तर गळती पिस्टनच्या रिंगांतून. जागचा हलला नाही तर वाल्व्ह किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरच्या झाकणामधली पट्टी). शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आणि बाकीचे ठीक, तर त्या दोघांमधल्या गॅस्केटवर नजर. टू-स्ट्रोकमध्ये मात्र ही चाचणी फसवी, असं तुम्ही बजावलंत. लहान कक्षात ऑइल जागा व्यापतं आणि आकडा तसाही चढतो. विकणाऱ्याने आधीच ऑइल सोडलं असेल तर आकडा गोंडस दिसतो. म्हणून खरेदीच्या वेळी प्लग काढल्याबरोबर तो चिकट, ओला आहे का ते पाहायचं, आणि तसा असला तर इंजिन चांगलं चालवून ऑइल जळल्यावर पुन्हा मोजायचं.

फोर-स्ट्रोकसाठी खरी चाचणी गळती मोजण्याची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर अगदी वर आणून कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि कान द्यायचा. एक्झॉस्टमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट वाल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आला तर इनटेक वाल्व्ह, ऑइलच्या डिपस्टिकच्या भोकातून आला तर रिंग. बंद कूलिंग असेल तर कूलंटच्या टाकीत बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. हवा भरताना इंजिन झटक्यात फिरू शकतं आणि त्याबरोबर इंपेलरही (पंपातलं फिरतं पातं). पंपात हात नको, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या मशीनमध्ये वाल्व्हच्या बैठका गंजलेल्या आणि रिंगा खाचेत अडकलेल्या सापडतात. तिथे प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारायचाच नाही. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पण या सगळ्यात आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. टू-स्ट्रोकमध्ये कमी कॉम्प्रेशन हे बहुतेक वेळा परिणाम असतो. नुसता पिस्टन आणि रिंगा बदलल्या आणि कारण तसंच राहिलं, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. म्हणून एक्झॉस्टची बाजू उघडून पोर्टमधून (सिलिंडरच्या भोकातून) पिस्टनवरच्या खुणा वाचायच्या. चारही कोपऱ्यांवर चरे असतील तर थंड इंजिनाला एकदम रेस दिली. एक्झॉस्टकडची कड वितळलेली, खाल्लेली असेल तर पेट्रोल कमी पडलं किंवा डिटोनेशन (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्फोटासारखा भडका) झालं. सगळीकडून घासलं असेल तर ऑइल पोचलं नाही, तेव्हा ऑइल पंप आणि त्याच्या नळ्या पाहा. मग कार्ब्युरेटरच्या आतली बारीक जाळी उघडा. जुन्या पेट्रोलच्या नळ्या आतून विरघळतात आणि तो हिरवट चिकटा तिथेच साचतो. शेवटी सगळी तोंडं बंद करून क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद कप्प्यात) 6 ते 8 पीएसआय हवा भरून साबणाचं पाणी लावायचं. क्रँकचे सील किंवा इनटेकचं गॅस्केट गळत असेल तर फेस दिसतो, आणि तिथून शिरणारी हवाच मिश्रण पातळ करत असते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं.

नवा पिस्टन मागवायच्या आधी ही हवेची चाचणी करायची, असं आमच्यापैकी प्रत्येकाला तुम्ही सांगितलंत.

आपले ऋणी,
जुन्या जेट स्की दुरुस्त करून चालवणारे आम्ही सगळे